पाय अडकवावा की मोकळा ठेवावा?

सायकल या वाहनाची एक मोठी सोय अशी, की ती चालवणाऱ्याला वाटेल तेव्हा पाय खाली टेकता येतो. कुत्रे आडवे आले, रिक्षा अचानक वळली, चेन पडली, तोल गेला, काहीही झाले तरी आपला पाय आपोआप जमिनीकडे धावतो. लहानपणी नळीखालून पाय घालून हाफ पेडल मारायला शिकताना आपण पहिल्यांदा हेच शिकलो. ब्रेक नंतर कळला. पाय टेकणे आधी आले. आता अशी कल्पना करा, की हाच पाय पेडलला अडकवून टाकला आहे, खाली दगडधोंड्यांची उतरती पायवाट आहे, एका बाजूला दरी आहे, आणि हे सगळे त्या माणसाने पदरचे पैसे खर्चून मोठ्या हौसेने केलेले आहे.

डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांमध्ये या पेडलांवरून गेली साडेतीन दशके वाद चालू आहे आणि तो मिटण्याची चिन्हे नाहीत. एका गोटाचे म्हणणे, पाय अडकवल्याशिवाय डोंगरात सायकल नीट चालवताच येत नाही. दुसऱ्या गोटाचे म्हणणे, पाय अडकवणारा माणूस सायकल चालवायला कधी शिकतच नाही. दोन्हीकडे जगज्जेते आहेत आणि दोन्हीकडे मोडलेली हाडेही आहेत. आपल्याकडे हा वाद जरा उशिराने पोचला, पण पोचला खरा. रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी किंवा नाशिकच्या आसपासच्या टेकड्यांकडे निघालेल्या तरुण मंडळींचे बूट पाहा. काहींच्या तळव्यात लोखंडाचा एक लहानसा तुकडा बसवलेला दिसेल. चहाच्या टपरीवर उतरल्यावर फरशीवर टकटक वाजतो तो हाच.

आमच्या शेजारच्या इमारतीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आहे. सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरात जाते. तिच्या आईने एकदा मला जिन्यात गाठले. "भाऊजी, तुम्हाला सायकलीतले कळते म्हणतात. हिला जरा सांगा ना. पाय बांधून डोंगर उतरायचा, ही कसली हौस?" मुलगी मागेच उभी होती. "आई, बांधत नाहीत गं, अडकवतात," ती म्हणाली, "आणि काका, ताकद तीस टक्क्यांनी वाढते. दुकानात सांगितले मला." आईची काळजी आणि मुलीची खात्री, दोन्हींत थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमज. त्या दोघींना जिन्यात उभ्या उभ्या जे सांगता आले नाही, ते येथे जरा सविस्तर सांगतो.

नावातला घोळ

आधी नावापासून सुरुवात करू, कारण घोळ तिथूनच आहे. इंग्रजीत या पेडलांना 'क्लिपलेस' म्हणतात, म्हणजे 'क्लिप नसलेली'. बूट तर खटकन अडकतो, मग क्लिप नाही कशी? याचे उत्तर जुन्या शर्यतींत आहे. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलला पुढच्या बाजूने एक लोखंडी पिंजरा असे आणि त्यातून चामड्याचा पट्टा ओवलेला असे. पिंजऱ्यात चवडा घालायचा आणि पट्टा आवळायचा. आपल्याकडच्या जुन्या शर्यतवाल्यांच्या सायकलींवरही हे पिंजरे अनेकांनी पाहिले असतील. या पिंजऱ्याचे नाव 'टो-क्लिप'. पाय सोडवायचा तर चालत्या सायकलवरून खाली वाकायचे आणि हाताने पट्टा ढिला करायचा. तिच्या आईला जे वाटते ते 'पाय बांधणे' खरे तर हे होते. पुढे नव्या पेडलांतून हा पिंजरा गेला, म्हणून ती 'क्लिप नसलेली' झाली. पिंजरा कधीच विस्मरणात गेला, नाव मात्र राहिले आणि नव्या माणसाला दर वेळी गोंधळात टाकू लागले.

पिंजऱ्यावाचून बूट अडकवण्याची कल्पना तशी फार जुनी. अमेरिकेतल्या चार्ल्स हॅन्सन याने १८९५ सालीच तशा पेडलचे पेटंट घेतले होते. पण ती कागदावरच राहिल्यासारखी झाली. १९७१ मध्ये इटलीच्या चिनो चिनेल्ली यांनी एक पेडल बाजारात आणले. त्यात बूट अडकत असे उत्तम, पण सोडवायला हाताने एक खटका ओढावा लागे. शर्यतवाल्यांनी त्याला 'मृत्यूचे पेडल' असे नाव ठेवले, यात सगळे आले.

खरी उकल सापडली ती सायकलवाल्यांना नव्हे, बर्फावरून घसरणाऱ्यांना. फ्रान्समधल्या नव्हेर येथील 'लूक' ही कंपनी स्कीइंगच्या पट्ट्यांना बूट अडकवण्याची साधने बनवत असे. स्कीइंगमध्ये प्रश्न नेमका हाच असतो. बूट एरवी घट्ट बसला पाहिजे आणि माणूस पडला की तत्क्षणी सुटला पाहिजे, नाहीतर पायाचे हाड मोडते. त्यांनी तीच युक्ती १९८४ मध्ये पेडलला लावली. बुटाच्या तळव्याखाली एक पट्टी, तिला 'क्लीट' म्हणतात. पेडलवर स्प्रिंग लावलेला जबडा. वरून दाबले की खटकन बसते. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की सुटते. हाताचे काम नाही. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, बर्नार्ड इनॉने हीच पेडले वापरून आपली पाचवी 'टूर द फ्रान्स' जिंकली आणि काही वर्षांतच चामड्याचे पट्टे अडगळीत गेले.

मात्र ही पेडले डांबरी रस्त्याची होती. बुटाखालची पट्टी मोठी आणि बाहेर आलेली. ते बूट घालून चालणारा माणूस बदकासारखा चालतो. डोंगरात तर पावलोपावली उतरून चालावे लागते. त्यावर १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने तोडगा काढला. क्लीट लहान केली, लोखंडाची केली आणि बुटाच्या रबरी तळव्यात खोलगट जागा करून तिच्यात लपवली. पेडलला दोन्ही बाजूंनी जबडा दिला, म्हणजे घाईत बाजू शोधायला नको. ही 'एसपीडी' पेडले आजही डोंगरी सायकलींवर सर्वांत ओळखीची आहेत, आणि त्यांचे मूळ रूप इतक्या वर्षांत फारसे बदललेले नाही.

उडणारा पाय

डोंगरी सायकलीचा जन्म मात्र मोकळ्या पायांनीच झाला. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात काही तरुण जुन्या, जाड टायरांच्या, वीस-बावीस किलोंच्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली यांनी तिथे पहिली शर्यत घेतली. साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटर उतार. सायकलींना मागच्या चाकाच्या तुंब्यातला, पेडल उलटे मारून लागणारा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि खाली आल्यावर ते नव्याने भरावे लागे. त्या रस्त्याचे 'रीपॅक' हे नाव त्यावरूनच पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ ही पुढे सायकलींच्या जगात मोठी झालेली नावे तिथलीच. त्यांचे पाय मोकळे होते, वळणावर आतला पाय सायकलबाहेर काढून ते मातीवरून घसरत जात. पाय अडकवण्याचा विचारही त्या उतारावर कोणाला परवडला नसता.

मग तेथे अडकवणारी पेडले आलीच कशी? कारण उतारावर, दगडांवरून, वेगात जाताना एक गोष्ट घडते. ज्यांनी कधी फुटक्या रस्त्याने रिकाम्या कॅरिअरची सायकल दामटली आहे त्यांना ती ठाऊक असेल. सायकल खालून धक्के देते आणि पाय पेडलवरून उडतो. सपाट रस्त्यावर उडाला तर हसण्यावारी जाते. डोंगरात पाय उडाला की शरीराचा भार एकदम सीटवर किंवा दांड्यावर येतो, हँडल डुगडुगते आणि पुढचे काय ते नशिबावर. त्यात पेडल फिरून नडगीवर आदळते ते वेगळे. बूट पेडलमध्ये अडकलेला असला, की हे होत नाही. सायकल कितीही नाचली तरी पाय होता तिथेच राहतो. चढावरही तेच. मोठ्या दगडावरून मागचे चाक घ्यायचे असते तेव्हा अडकलेल्या पायांनी ते जरासे उचलता येते. सीट हादरत असली तरी पाय फिरते ठेवता येतात.

अडकवणाऱ्या पेडलांचा हा खरा फायदा. तो मोठा आहे आणि निर्विवाद आहे. ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून, अटलांटापासून, माउंटन बाइकची 'क्रॉस-कंट्री' शर्यत होते. चढ-उताराची, दीड तासाच्या आसपास दम काढणारी. तिथे अव्वल दर्जाचे स्पर्धक पाय अडकवूनच उतरतात. २०२३ साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा केरळातल्या पोन्मुडीच्या डोंगरात झाली, तेव्हा आपल्या देशातल्या प्रेक्षकांनाही हा प्रकार जवळून पाहता आला.

तीस टक्क्यांचे काय?

गंमत अशी, की ही पेडले विकताना हा खरा फायदा क्वचितच सांगितला जातो. सांगतात ती ताकदीची गोष्ट. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. साध्या पेडलवर आपण फक्त खाली दाबतो. पाय अडकवला, की वर येणारा पाय ओढताही येतो, म्हणजे एका फेरीत दोन्ही पायांचे काम, म्हणजे ताकद जास्त. शेजारच्या मुलीला दुकानात सांगितलेले तीस टक्के याच झाडाचे फळ. हा समज पिढ्यान्‌पिढ्या, अगदी चामडी पट्ट्यांच्या काळापासून, गुरूकडून शिष्याकडे आला आहे. त्यामुळे तो खोडून काढणे अवघड जाते.

पेडलची फेरी घड्याळाच्या तबकडीसारखी समजा. बारा वाजता पाय सर्वांत वर, सहा वाजता सर्वांत खाली. खरा जोर लागतो तो साधारण एक ते पाचच्या दरम्यान, मांडीच्या पुढच्या आणि पार्श्वभागाच्या दांडग्या स्नायूंनी. सहा ते बारा हा प्रवास परतीचा. पाय वर ओढणारे जांघेतले स्नायू त्या मानाने लहान. त्यांना कामाला लावले तर ते काम करतात, नाही असे नाही; पण जितका प्राणवायू खातात त्या मानाने देतात कमी. २००७ मध्ये थॉमस कॉर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी सायकलस्वारांना चार प्रकारांनी पेडल मारायला लावले: नेहमीसारखे, मुद्दाम गोल फिरवत, मुद्दाम खाली दाबत आणि मुद्दाम वर ओढत. वर ओढण्याचा प्रकार सर्वांत खर्चिक ठरला. तेवढ्याच कामाला शरीराची ऊर्जा जास्त गेली. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या अ‍ॅशर स्ट्रॉ आणि रॉजर क्रॅम यांनी हौशी सायकलस्वारांवर प्रयोग केला. साधे पळण्याचे बूट आणि सपाट पेडल, तेच बूट आणि पिंजरा, आणि सायकलचे खास बूट व अडकवणारे पेडल. मध्यम जोराने चालवताना ऊर्जेच्या खर्चात फरक दिसला नाही.

म्हणजे दुकानातले तीस टक्के हवेत विरले. पण पुढचे सांगितले नाही तर मीही दुकानदाराइतकाच एकांगी ठरेन. थोड्या अंतराची, जीव तोडून मारलेली धाव असेल, तर चित्र बदलते. क्रॅम यांच्याच प्रयोगशाळेतून २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात अशा धावेत अडकवणारे पेडल आणि कडक तळव्याचे बूट यांनी दहा टक्क्यांहून अधिक जास्त ताकद दिली. कारण उघड आहे. त्या दहा-वीस सेकंदांत काटकसर पाहायची नसते, असेल नसेल ते सगळे पणाला लावायचे असते. शर्यतीत शेवटच्या वळणावर कुणाला तरी मागे टाकायचे असेल, तर हा फरक मोलाचा. रविवारी सकाळी सहाला निघून नऊला मिसळ खायला थांबणाऱ्या माणसाला तो कितपत उपयोगाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

सपाट पेडलांचे वकीलपत्र

आता दुसरी बाजू. सपाट पेडल म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती दूधवाल्याच्या सायकलची रबरी ठोकळ्यांची पेडले, पावसात हमखास घसरणारी. डोंगरी सायकलचे सपाट पेडल तसे नसते. हाताच्या पंजाएवढा रुंद, पातळ पाट आणि त्यावर दोन्हीकडे टोकदार खिळे. त्याच्या जोडीला बूट लागतो मऊ, चिकट रबराचा. अमेरिकेत चार्ल्स कोल यांनी १९८५ मध्ये 'फाइव्ह टेन' ही कंपनी काढली ती कडे चढणाऱ्यांसाठी, खडकाला चिकटणारे रबर बनवायला. तेच रबर पुढे सायकलवाल्यांनी उचलले. खिळे त्या रबरात रुततात आणि पाय असा बसतो, की जागा बदलायची तर तो मुद्दाम उचलावा लागतो. या खिळ्यांची किंमत नडगी मोजते. सपाट पेडलवाल्यांच्या नडग्यांवर जे वण दिसतात ते याचेच. त्यांना त्याचा अभिमान असतो, हा भाग निराळा.

पण चांगले रबर असूनही पाय आपोआप टिकत नाही. तो टिकवावा लागतो, आणि या वकिलांचा मुख्य मुद्दा हाच आहे. उतारावर टाच खाली सोडायची, गुडघे मोकळे ठेवायचे, शरीराचा सगळा भार पेडलांवर द्यायचा, सायकल खालून वर आली की पाय दुमडून तिला जागा द्यायची. हे जमले तर पाय उडत नाही. नाही जमले तर लगेच उडतो, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. पाय अडकवलेल्याला ती कळतच नाही. सायकल उडवून अडथळा ओलांडायचे उदाहरण घ्या. पाय अडकलेला माणूस दोन्ही पाय वर ओढतो, सायकल बुटांना लटकून वर येते. मोकळ्या पायांच्या माणसाला आधी पुढचे चाक अंगाच्या झोक्याने उचलावे लागते, मग हँडल पुढे ढकलून, बोटे खाली करून चवड्यांनी पेडल मागे-वर खेचावे लागते. अवघड आहे, दिवसेंदिवस जमत नाही. पण एकदा आले, की ते अंगात राहते, पेडल कुठलेही असो. सायकल शिकवणारे अनेक जाणते लोक नवख्यांना सपाट पेडलांवरच सुरुवात करायला लावतात, ते यासाठी. मुलांच्या बाबतीत तर मला यात दुसरे मत असू शकते असे वाटत नाही. वाढत्या वयात पायाचे माप दर वर्षी बदलते. महागडे बूट घेणार तरी किती?

सपाट पेडलांवर फक्त शिकाऊ लोक असतात असा कुणाचा समज असेल, तर ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलचे नाव सांगावे लागेल. उताराच्या शर्यतीचा, म्हणजे 'डाउनहिल'चा, तो तीनदा जगज्जेता, २००६, २००७ आणि २०१० मध्ये. पुढे वयाची तिशी ओलांडल्यावर तो 'एंड्युरो' या प्रकारात उतरला. त्यात दिवसभर डोंगर चढायचे स्वतःच्या पायांनी आणि घड्याळ लागते ते उताराला. असा लांबलचक दिवस म्हणजे अडकवणाऱ्या पेडलांचे घरचे मैदान, असे सगळे धरून चालले होते. हिलने तिथली जागतिक मालिका २०१७, २०१८ आणि २०१९ अशी ओळीने तीन वर्षे जिंकली, सपाट पेडलांवर. बाकी बहुतेक प्रतिस्पर्ध्यांचे पाय अडकवलेले होते. यावरून सपाट पेडले श्रेष्ठ ठरतात का? नाही. सॅम हिल श्रेष्ठ ठरतो. पण पाय अडकवल्याशिवाय गत्यंतर नाही, हे म्हणणे त्याच्यानंतर कुणी ठामपणे करू शकत नाही.

थांबलेल्या सायकलवरून पडणे

आता आईच्या काळजीकडे येऊ. "पडली तर पाय सुटेल का?" तिचा प्रश्न एवढाच आहे. वेगात आपटले, तर बहुधा सुटतो. पडताना शरीर वळते, टाच फिरते आणि जबडा उघडतो. बर्फावरच्या बुटांचे तत्त्वच ते. खरी फजिती होते ती वेग नसताना. चढावर दम संपला, चाक दगडाला थटले, सायकल जागच्या जागी थांबली. मेंदूने जन्मभराच्या सवयीने पायाला हुकूम दिला, 'खाली टेक'. पाय सरळ वर-बाहेर ओढला जातो; पण सुटायला तो वळवायला हवा असतो. तो सुटत नाही, आणि माणूस तोडलेल्या झाडासारखा, सावकाश, आडवा होतो. बघणारे हसतात. अडकवणारे पेडल घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पदरी असा एक तरी प्रसंग असतो. गवतावर पडले तर हसून सोडून द्यावे. पण अशा पडण्यात हात आधी पुढे येतो, आणि मनगट किंवा गळपट्टीचे हाड दगडावर आले तर सहा आठवडे घरी बसावे लागते.

सह्याद्रीचा विचार केला, तर आणखी दोन गोष्टी घ्याव्या लागतात, ज्या परदेशी पुस्तकांत फारशा नसतात. पहिली चिखल. देशावरची काळी माती पावसाळ्यात बुटाला अशी चिकटते, की क्लीटची खोलगट जागा लिंपून जाते. मग पेडलवर कितीही दाबा, खटका बसत नाही. पावसाळी चिखलात उघड्या, तारेच्या रचनेची पेडले बरी, कारण त्यांतून चिखल निघून जातो; तरी हातात काडी घेऊन बूट खरवडण्याची वेळ येतेच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. आपल्या डोंगरवाटा अखंड सायकल चालवण्यासारख्या क्वचितच असतात. घसाऱ्याचा टप्पा आला, कातळ आला, की सायकल खांद्यावर घेऊन चढावे लागते. बुटाचे रबर झिजले, की क्लीटचे लोखंड बाहेर डोकावते, आणि ओल्या, शेवाळलेल्या कातळावर लोखंड म्हणजे साबणच. सायकलवर असताना जो पाय सुरक्षित होता, तोच उतरल्यावर दगा देतो. जिथे तास-दोन तास सायकल उचलून नेणे ठरलेलेच आहे, तिथे मी तर कुणालाही मऊ तळव्याचा बूट आणि सपाट पेडलच सुचवीन.

गुडघ्यांचे थोडक्यात सांगतो. मिनिटाला ऐंशी फेऱ्या धरल्या तर तासाला ४८०० होतात. क्लीट बुटाला जरा तिरकी बसली असेल, तर तोच वाकडा कोन तासाला ४८०० वेळा गुडघ्याला सोसावा लागतो. म्हणून क्लीट चवड्याच्या खाली, आपला पाय स्वभावतः जसा वळतो त्याच कोनात बसवावी आणि आठवडाभर गुडघा काय म्हणतो ते ऐकावे. आतून दुखू लागले की मुकाट्याने पान्हा हाती घ्यावा. सपाट पेडलवर पाय आपोआप हवा तसा सरकतो. तिथे हा प्रश्न फारसा येत नाही.

शेजारच्या मुलीला मी सांगितले ते असे. अजून एक पावसाळा सपाट पेडलांवर काढ. उतारावर पाय उडायचा थांबला, छोटा दगड पाय न अडकवता उडवता आला, की मग हवी तर ती पेडले घे. शर्यतीत उतरायचे मनात असेल तर घेच. तोवर तिच्या ताकदीत काही उणे पडत नाही. आईला सांगितले, की पाय बांधला जात नाही, पण सोडवणे शिकावे लागते, आणि ते शिकण्याची जागा डोंगर नव्हे.

ती जागा म्हणजे शाळेचे मैदान किंवा गवताळ माळ. जबड्याच्या स्प्रिंगला एक लहान स्क्रू असतो. तो ढिला करून सुरुवात करावी, म्हणजे टाच थोडी वळवताच बूट सुटतो. शिमानोची एक क्लीट अशीही मिळते, की ती टाच नुसती बाहेर वळवूनच नव्हे, तर इतरही दिशांना जोराने ओढल्यास सुटते; नवख्याने ती घ्यावी. आधी एक पाय जमिनीवर ठेवून दुसरा पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. मग हळू चालवत, थांबण्याच्या आधी दहा पावले सोडवण्याची सवय लावावी. पेडल स्वतः बसवणार असाल तर लक्षात असू द्या, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला हे ठाऊक असते. हौशी माणूस तिथेच क्रँकचे आटे घालवून बसतो.

आणि सराव दोन्ही पायांनी करावा. बहुतेक लोक नकळत एकाच पायाने थांबतात, बहुधा डाव्या, कारण रस्त्यावर आपण डाव्या कडेला उभे राहतो. डोंगराच्या कुशीतून आडव्या जाणाऱ्या वाटेवर मात्र कधी डावीकडे कडा असतो, कधी उजवीकडे. थांबताना सुटलेला पाय डोंगराच्या बाजूचाच हवा. दरीच्या बाजूचा पाय टेकायला गेलात, तर खाली काही नसते.